परत विचारायची लाज

४ जानेवारी

वहिनीबाई,

बरी आहेस ना? मी बरी, कान तेवढे गेले ते गेलेच. छापखान्यात मशीनशेजारी एकतीस वर्षं काढल्यावर दुसरं काय हाती लागणार! कानातलं यंत्र घातलं की शिट्ट्या वाजतात, म्हणून फोनचं नावच नको. या जमान्यात तुला पत्रं वाचावी लागतात ती माझ्या कानांपायी, तेव्हा तक्रार त्यांच्याकडे कर.

आता कामाचं. चार दिवसांपूर्वी ह्यांच्या मोबाइलवर निरोप आला. 'प्रिय ग्राहक, अपुऱ्या पत्त्यामुळे आपलं पार्सल अडकलं आहे, खालच्या निळ्या ओळीवर बोट ठेवा.' योगायोग बघ, माझ्या यंत्राचे सेल ह्यांनी मागवलेलेच होते. झालं, आमचे मास्तर चष्मा लावून बसले. पत्ता भरला, जन्मतारीख भरली, पुढे बँकेच्या कार्डाचा नंबर मागितला तेव्हा कार्ड शोधायला उठले. कार्ड माझ्या डब्यात, आणि मी काही दिलं नाही. म्हटलं, दुकानदार पाच दिवस म्हणाला होता, आज दुसराच दिवस, पार्सल आलं कुठून आणि अडकलं कुठे? तर माझ्यावरच चिडले! चाळीस वर्षं पोरांना गणित शिकवलं, की सगळ्या जगाची उत्तरं आपल्याला येतात असं वाटतं माणसाला.

खरे सेल काल आले. तेव्हापासून गप्प आहेत. तू दवाखान्यात दिवसभर कॉम्प्युटरसमोर असतेस, तेव्हा तूच चार ओळी लिही. बायकोचं ऐकायचं नाही अशी शपथ घेतलेली आहे, मेहुण्याच्या बायकोचं ऐकतील.

माझा भाऊ जाऊन सहा वर्षं झाली, पण आपलं नातं तुझ्या अक्षरामुळे टिकलंय हो. लिहीत जा.

वन्सं


११ जानेवारी

वन्सं, नमस्कार.

पत्र वाचून हसले आणि घाबरलेही. कार्ड तुमच्या डब्यात होतं म्हणून वाचलात!

गेल्याच महिन्यात आमच्याकडे याचा वर्ग झाला. आमचा संगणकवाला आहे ना, त्याला सगळे 'बटण' म्हणतात, कारण काहीही बिघडलं की 'बटण बंद करून चालू करा' एवढंच सांगतो. त्यानं घेतला. शेवटी परीक्षा. अख्ख्या दवाखान्यात वीसपैकी वीस फक्त मला! तेव्हा मास्तरांना सांगा, अधिकारवाणीनं बोलते आहे. निळ्या ओळीवर बोट ठेवायचंच नाही. समोरचा घाई करायला लागला की आपण थांबायचं. शंका आली तर निरोपातल्या नंबरावर नाही, आपल्या वहीत आधीपासून लिहिलेल्या नंबरावर फोन करून विचारायचं. आणि चुकून बोट पडलंच, तर लाजायचं नाही, त्या क्षणी सांगायचं. बटण म्हणतो, 'मी ओरडणार नाही, पळत येऊन वायर काढीन.'

हे झालं वर्गातलं. माझा स्वतःचा नियम याहून सोपा आहे. गोड बोलेल तो चोर. खरा माणूस आपल्याला 'प्रिय' कशाला म्हणेल? आमच्या मोठ्या सरांनी बावीस वर्षांत मला साधा 'नमस्कार' लिहिलेला नाही. त्यांचा मेल यायचा तो अंगावर धावूनच. एकदा सांगितलेलं परत विचारलं, तर खोलीत बोलावून चारचौघांत पाणउतारा. त्यामुळे पहिल्या ओळीत जीव घाबरा झाला की मी समजते, सरच आहेत. पुढे वाचायचीही गरज नसते.

आमची नोंदींची खोली अजून तशीच. तळघरात, खिडकी नाही, चार टेबलं, चौघींना मिळून एकच पासवर्ड. कागदी फाइली गोदामात गेल्या, सगळं आता कॉम्प्युटरमध्ये. मास्तरांचीही फाइल मीच टाइप केली आहे. चार वर्षांपूर्वी त्या इंजेक्शननं अंग सुजून जीव घुसमटला होता, ते वावडं सगळ्यात वर लाल अक्षरांत घातलं आहे. नाव उघडलं की पहिलं तेच दिसतं. काळजी नसावी.

तुमची वहिनी


१९ जानेवारी

वहिनीबाई,

तुझं पत्र ह्यांनी मोठ्यानं वाचून दाखवलं, म्हणजे ओठ हलवले आणि मी वाचले. मग पुठ्ठ्यावर तुझे नियम लिहून फोनशेजारी चिकटवले. आता इतके संशयी झालेत की बँकेचं खरंखुरं पत्र आलं तेही फाडलं. अति तिथं माती!

तुझ्या सरांचं मात्र मला पटलं नाही. जो परत विचारू देत नाही, त्याच्या हाताखाली काम करू नये बाई. मी छापखान्यात फोरमनला दहादा विचारायची, तो कपाळावर हात मारायचा, पण छपाईच्या पानांचा फर्मा कधी उलटा लागला नाही. आता कान गेल्यावर मलाच लाज वाटते. कुणी बोललं, कळलं नाही, की एकदा 'काय?' म्हणते. दुसऱ्यांदा म्हणवत नाही. नुसती मान हलवते. परवा दूधवाल्याला मान हलवली तर चार लिटर दूध घालून गेला.

ह्यांचा खोकला वाढलाय, अंगही तापतं. पुढच्या आठवड्यात दाखवायला घेऊन यावं म्हणते.

वन्सं


२४ जानेवारी

वन्सं,

घाईत लिहिते. आमच्याकडे काल मोठाच घोळ झाला. कुणीतरी नको तो मेल उघडला आणि सगळे कॉम्प्युटर बंद पडले. स्क्रीनवर फक्त खंडणीची चिठ्ठी. एकही फाइल उघडत नाही. कुणी उघडला ते कळलेलं नाही. चौकशी चालू आहे.

मास्तरांना जमलं तर या आठवड्यात आणू नका. जवळच्या डॉक्टरांना दाखवा. मी कळवते.

वहिनी


१२ फेब्रुवारी

वहिनी,

तू आठ दिवस राहून गेलीस. तोंडावर बोलता आलं नाही, म्हणून लिहिते. हे कुणालाच सांगितलेलं नाही.

तुझं पत्र आलं ते आम्ही निघून गेल्यावर. त्या दिवशी सकाळी ह्यांचे ओठ निळे पडले. शेजारच्या टॅक्सीवाल्यानं गाडी काढली. माझं यंत्र टेबलावरच राहिलं. तुझ्याच दवाखान्यात आणलं, ह्यांना आत घेतलं, ह्यांना शुद्ध अशी नव्हतीच. एक तरुण डॉक्टरीण माझ्याजवळ आली, तोंडाला मास्क. काहीतरी विचारलं. मी 'काय?' म्हटलं. तिनं परत विचारलं. डोळे दिसत होते तिचे, ओठ दिसत नव्हते. मागे आणखी दोन माणसं स्ट्रेचर घेऊन उभी. मला वाटलं, विचारत असेल, 'आम्ही उपचार सुरू करू ना?' मी मान हलवली.

ती विचारत होती, 'ह्यांना कुठल्या औषधाचं वावडं नाही ना?'

हे मला नंतर कळलं. त्या इंजेक्शनच्या नावाची चिठ्ठी माझ्या कपाटात आहे, वहिनी. चार वर्षं जपून ठेवली होती. दहा मिनिटांत ह्यांचं तोंड सुजलं. मी बाहेरून काचेतून बघत होते.

मी मारलं ह्यांना. दुसऱ्यांदा 'काय?' म्हणायची लाज वाटली म्हणून मारलं.

वन्सं


२० फेब्रुवारी

वन्सं,

असं लिहू नका हो. तुमच्या पाया पडते. तुमचा काय दोष? मास्क घालून विचारलं तिनं, तुम्हाला कसं कळणार? वेळच वाईट होती. माणसाच्या हातात काय असतं! फाइल उघडली असती तर ती लाल ओळ दिसली असती. तीच उघडत नव्हती, त्याला तुम्ही काय करणार?

इथेही सगळं बिघडलं आहे. बटणला काढून टाकलं. फाइलींच्या प्रती वेगळ्या ठेवल्या नाहीत म्हणून सगळं त्याच्यावर आलं. तो म्हणत होता की प्रतींसाठी वेगळं यंत्र दोन वर्षं मागतोय, पण ऐकतंय कोण!

जेवत जा. मी महिनाअखेरीला येते.

वहिनी


६ मार्च

वहिनी,

नको येऊस. मला कुणी घरात नको आहे.

तू नशीब, वेळ असलं लिहितेस, ते मला पोचत नाही. कॉम्प्युटर बंद होते, खरं आहे. त्या मेल उघडणाऱ्याचं तळपट होवो. पण कॉम्प्युटर बंद होते म्हणून तर तिनं मला विचारलं! माणसाला विचारलं. आणि माणसानं मान हलवली.

टॅक्सीवाल्याची बायको काल काहीतरी विचारून गेली, मी दारच लावून घेतलं. मान हलवायचीच भीती बसली आहे. रक्तदाबाच्या गोळ्या बंद केल्यात दोन आठवडे झाले. कशाला घ्यायच्या? हे रोज सकाळी हातावर गोळी ठेवायचे, पाण्याचा पेला धरायचे. मारणाऱ्या बाईनं गोळ्या घेऊन जगायचं म्हणजे निर्लज्जपणाच.

हे शेवटचंच पत्र समज. तुझ्यावर राग नाही. तुझ्याशिवाय लिहायला कुणी नव्हतंच.

वन्सं


११ मार्च

वन्सं,

आधी गोळी घ्या. हे पत्र खाली ठेवा, गोळी घ्या आणि मग वाचा. टॅक्सीवाल्याच्या घरी मी फोन केला आहे. त्याची बायको येईल, दार उघडा. मीही आले असते, पण हे वाचायच्या आधी तुमच्या घरात पाऊल टाकायचा मला हक्क नाही.

तो मेल मी उघडला.

'कुणीतरी' लिहिलं होतं ना मी, ते कुणीतरी म्हणजे मी. २३ तारीख, दुपारचे बारा वाजून दहा मिनिटं. सरांच्या नावानं मेल आला. 'तीनदा सांगून रुग्णांची यादी आलेली नाही. बावीस वर्षं इथे काय करता? खालची फाइल उघडा, दहा मिनिटांत भरून पाठवा. मी ऑपरेशनमध्ये आहे, फोन करून वेळ खाऊ नका.' नमस्कार नाही, काही नाही. वाचता वाचता हात गार पडले, आणि हात गार पडले म्हणजे सरच. वर नाव त्यांचं होतं, पत्ता भलताच होता. तो मी पाहिलाच नाही. ऑपरेशनची खोली दोन जिने वर. जाऊन दाराशी विचारलं असतं तरी चाललं असतं. पण परत विचारायचं नाही, हे अंगात भिनलेलं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. मास्तरांना पुठ्ठ्यावर नियम लिहायला लावणारी मी! चोर गोडच बोलतो असं धरून बसले होते, आणि तो माझ्या साहेबाचा राग घेऊन आला.

फाइल उघडली, ती कोरीच होती. पासवर्ड मागितला, तो दिला. मग स्क्रीन एकदा काळी होऊन परत आली. तेव्हाच कळलं मला, वन्सं. कळलं नाही असं नाही. बटणची खोली समोरच होती, दार उघडं होतं, तो डबा खात बसला होता. मी उठले, त्याच्या दारापर्यंत गेले, आणि पाणी पिऊन परत आले. वीसपैकी वीस मिळालेली बाई आत जाऊन काय सांगणार? म्हटलं, काही झालं नसेलही. तीन तास मी जागेवर बसून नावं टाइप करत राहिले. तीनच्या पुढे एकेक करून सगळ्या स्क्रीनवर ती चिठ्ठी आली. चौघींचा पासवर्ड एकच, त्यामुळे कुणी ते सिद्ध होईना. झाकली मूठ तशीच राहिली. मी मनाला समजावत आले की आधी सांगितलं असतं तरी सगळं गेलंच असतं. खरं काय ते मला माहीत नाही.

आणि तुम्ही मास्तरांना घेऊन आलात तेव्हा मी त्याच इमारतीत होते. तिसऱ्या मजल्यावर, चौकशीच्या खोलीत. मोबाइल बाहेर ट्रेमध्ये ठेवायला लावले होते. टॅक्सीवाल्यानं पाच वेळा फोन केला. ती डॉक्टरीण तुम्हाला विचारत होती, त्या वेळी मी वर सांगत होते, 'मला काहीच माहीत नाही, साहेब.' मी खरं बोलून दहा मिनिटं आधी सुटले असते तर खाली आले असते. त्या इंजेक्शनचं नाव मला तोंडपाठ आहे.

तुम्ही मान हलवलीत ती शेवटची गोष्ट. तिच्याआधीचं सगळं माझं आहे. ती लाल ओळ मी लिहिली आणि मीच पुसली. तुमचं नाव त्यात घालू नका.

उद्या सरांना सांगणार आहे. बटणलाही.

माफी मागत नाही. मागायला तोंड नाही.

वहिनी


१९ मार्च

वहिनी,

पत्र मिळालं. टॅक्सीवाल्याची बायको शेजारी बसून होती, तिच्यासमोर गोळी घेतली आणि मग वाचलं.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा हलकं वाटलं. लिहायला लाज वाटते, पण वाटलं. दीड महिन्यात पहिल्यांदा पुरता श्वास आला. चहा केला, दोघी प्यायलो. ती गेल्यावर दुसऱ्यांदा वाचलं, आणि तुझा इतका संताप आला की कप भिंतीवर फेकला.

मेल उघडलास त्याचा राग नाही. हेसुद्धा कार्ड शोधायला उठलेच होते की! फसणारा काही चोर नव्हे. तीन तास गप्प बसलीस तेही मी समजू शकते, लाज काय करायला लावते ते मला कुणी शिकवायला नको. पण पुढे? आठ दिवस माझ्या घरात राहिलीस. मी भिंतीकडे तोंड करून पडलेली असायचे आणि तू माझे पाय चेपायचीस. 'मी मारलं' असं मी माझ्या हातानं लिहिलं, ते वाचून तू मला वेळ आणि नशीब लिहून पाठवलंस. गोळ्या बंद केल्या नसत्या तर तू कधी बोलली असतीस? बोललीच नसतीस. मला माझ्याच नवऱ्याची मारेकरीण म्हणून जगू दिलंस. तो मेल पाठवणारा कोण कुठला, त्यानं मला पाहिलेलंही नाही. तू पाहत होतीस, वहिनी. रोज पाहत होतीस.

तुझ्या भावाच्या जागी माझा नवरा होता म्हणायचीस तू.

त्या बटणचं काय केलंस? 'उद्या सांगणार' लिहिलंयस. उद्या होऊन गेलं. सांगितलंस की नाही? आणि उघडल्याबरोबर सांगितलं असतंस तर काय झालं असतं, हे त्याला विचारलंस का? मला ते हवं आहे. कडू असलं तरी हवं आहे. मला गोड लिहू नकोस. विचार, आणि तो सांगेल तेच लिही.

ते आल्याशिवाय दुसरं काही पाठवू नकोस, फोडणार नाही.

वन्सं


२७ मार्च

वन्सं,

१२ तारखेला सरांना सांगितलं. ते ओरडले नाहीत. इतकी वर्षं रोज ओरडणारा माणूस दार लावून हळू आवाजात म्हणाला, 'बाई, अहवाल गेला आहे, प्रकरण मिटलं आहे. आता काही बोलू नका.' मी लेखी दिलं. त्यांनी घेतलं नाही, म्हणून दवाखाना चालवणाऱ्या मंडळाला टपालानं पाठवलं. सोमवारपासून मला कामावर यायला मनाई आहे.

बटणकडे लगेच गेले नाही. धीर झाला नाही, खोटं कशाला लिहू? तुमचं पत्र आलं तेव्हा गेले. दोन खोल्यांचं घर, जिन्याखाली. आता लोकांचे मोबाइल दुरुस्त करतो. टेबलावर सुटे भाग पसरलेले होते. त्यानं खुर्ची दिली. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. मास्तरांचंही सांगितलं. त्यानं हातातला बारीक पेचकस तेवढा खाली ठेवला.

मग त्यानं एकच विचारलं, 'किती वाजता उघडलात?'

मी म्हटलं, 'बारा दहा.'

त्यानं वही काढली. त्या दिवशी कुठलं यंत्र कधी बंद पडलं, ते सगळं त्यानं लिहून ठेवलेलं आहे. इतके दिवस बसून तो त्यात आपलीच चूक शोधत होता. पान उलटून त्यानं एका ओळीवर बोट ठेवलं. रुग्णांच्या फाइलींचं मोठं यंत्र अडीच वाजता गेलं होतं. तोवर लागण फक्त आमच्या खोलीत होती.

तुम्ही विचारायला सांगितलं होतं, म्हणून मी विचारलं. 'लगेच सांगितलं असतं तर?'

'एक वायर काढायची होती, बाई,' तो म्हणाला. 'सगळ्या फाइली राहिल्या असत्या.'

मी पुन्हा विचारलं, 'सगळ्या?'

'सगळ्या,' म्हणाला, आणि उठून दार उघडून उभा राहिला, मी जावं म्हणून.

वहिनी